भराव

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढल्यामुळे ‘भराव’ म्हटलं की मला मुरूम, पाण्याचा टँकर आणि रोलर दिसतो. गेल्या वर्षी दातांच्या डॉक्टरांनी पडद्यावरच्या स्कॅनकडे बोट दाखवून, ‘काका, इथे आधी हाडाचा भराव घालावा लागेल,’ असं म्हटलं, तेव्हाही तेच दिसलं.

खालच्या जबड्यातली डावीकडची दाढ मी अकरा वर्षांपूर्वी काढून टाकली होती. मागची दाढ, हसताना दिसत नाही, उजवीकडून चावू, असा हिशेब. पुढे दुखलंखुपलं काहीच नाही, म्हणून तो चुकला हे कळलंही नाही. दाढ ज्या हाडात रोवलेली असते ते हाड दाढेच्याच जिवावर तिथे असतं. ती गेली की शरीर ते मोडीत काढतं. पहिल्या वर्षातच त्या जागेची रुंदी साधारण निम्म्यावर येते आणि त्यातली बरीच झीज पहिल्या तीन महिन्यांत होऊन जाते. म्हणजे जखम भरली म्हणून मी शेंगदाण्यांचा डबा पुन्हा उघडला, त्याच दिवसांत खाली पाया खचत होता.

युलियस वुल्फ नावाच्या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ मध्ये हे सूत्र मांडलं. भार येतो तिथे हाड जमतं, भार जातो तिथे ओसरतं. कॉलेजात आम्हाला शिकवायचे की ताण नाही तिथे सळई वाया घालवू नका. आम्ही साइटवर ते विसरायचो, शरीर विसरत नाही.

माझ्या हाडाची रुंदी उरली होती चार मिलिमीटर. जो टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा तोच चार मिलिमीटरचा. त्याच्या दोन्ही अंगांना निदान एक-दीड मिलिमीटर हाड हवं. शिवाय खालून ओठाला संवेदना देणारी नस जाते, तिच्यापासून दोन मिलिमीटर तरी दूर राहायचं. हे गणित मला समजवावं लागलं नाही. चार इंची भिंतीत चार इंची पाइप कुणी गाडत नाही.

मग संमतीपत्र आलं. इंग्रजीत, बारीक अक्षरात. सही करायच्या आधी मी सहज विचारलं, ‘हे हाड येतं कुठून?’ डॉक्टर क्षणभर थांबल्या. सर्वांत जास्त वापरले जाणारे दाणे गायीबैलांच्या हाडाचे असतात, त्यातला सगळा सेंद्रिय अंश काढून नुसता खनिजाचा सांगाडा ठेवलेला असतो, असं त्यांनी सांगितलं. वरून घालायचा पडदाही बहुधा डुकराच्या नाहीतर गायीच्या कोलॅजनचा. मी स्वतः फारसा सोवळा नाही. औषधांच्या कॅप्सूल जिलेटिनच्या असतात हे ठाऊक असून मी त्या गिळत आलो आहे. पण माझी थोरली बहीण, अक्का, माळकरी आहे आणि तिच्यापासून मी काही लपवत नाही. डॉक्टरांना माझ्या विचारण्यात काही वावगं वाटलं नाही हे बरं, पण हा प्रश्न पेशंटने विचारायची वाट का पाहावी? आपल्याकडे तर तो पहिल्या भेटीतच सांगायचा विषय आहे.

हा पेच जुना आहे. योब फान मेकेरेन या डच शल्यचिकित्सकाच्या १६६८ मध्ये छापलेल्या पुस्तकात ऐकीव म्हणून एक हकिकत दिली आहे. एका जखमी रशियन सरदाराच्या कवटीला कुत्र्याच्या हाडाचं ठिगळ लावलं. तो बरा झाला, पण चर्चने त्याला बहिष्कृत केलं. ठिगळ काढून घ्यावं म्हणून तो परत गेला, तर ते इतकं एकजीव झालं होतं की काढता येईना. खरंखोटं कोण जाणे.

पर्याय होते. कारखान्यात बनवलेलं कॅल्शियमचं मिश्रण, माझ्याच हनुवटीचं किंवा जबड्याच्या मागच्या कोपऱ्याचं हाड, नाहीतर टिश्यू बँकेतलं माणसाचं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून अशी बँक आहे. तिथे दान आलेल्या हाडांचं किरणोत्साराने निर्जंतुकीकरण करतात. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाचा जो गोळा निघतो तोही अशा बँकांना चालतो. मी माणसाचं हाड निवडलं आणि पडदा कृत्रिम घ्यायला सांगितला.

अक्काला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ‘अरे, कुणाचं आहे ते तरी विचारलंस का?’

‘तसं सांगत नाहीत, अक्का.’

‘मग नमस्कार कुणाला करायचा?’

शस्त्रक्रिया तासाभराची. हिरडी उघडली, मागच्या कोपऱ्यातून माझंही थोडं हाड खरवडून त्या दाण्यांत कालवलं, वर पडदा अंथरला, टाके घातले. पडद्याचं कारण ऐकून मला बांधावरच्या गवताची आठवण झाली. हिरडी हाडापेक्षा भराभर वाढते, मोकळी सोडली तर हाडाची जागा तीच बळकावते.

दोन महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा मी तज्ज्ञाच्या थाटात विचारलं, ‘बसला का भराव?’ आमच्याकडे नव्या भरावाला एक पावसाळा खाऊ देतात, मगच वर डांबर. डॉक्टर हसल्या. ‘काका, मीच तुम्हाला भराव म्हटलं, पण ही खरं तर परांची आहे.’ कडेच्या जिवंत हाडातून बारीक रक्तवाहिन्या त्या दाण्यांमध्ये शिरतात, मागून पेशी येतात. काही पेशी दाणे विरघळवतात, काही त्या जागी नवं हाड रचतात. बाहेरून आणलेलं हळूहळू जातं आणि जे उरतं ते बहुतेक माझं. रोलर फिरवून हे काम लवकर उरकत नाही. उलट भार टाकायचाच नसतो, म्हणून डाव्या बाजूने खायचं नाही. तंबाखू, मिश्री लावणाऱ्यांचं आणि साखर ताब्यात नसलेल्यांचं हे काम इथेच बिघडतं, कारण रक्तपुरवठाच तोकडा पडतो. मला व्यसन नाही. उतावळेपणा होता, त्याला औषध नाही.

पाच महिन्यांनी स्क्रू बसवायचा दिवस आला. भूल दिलेली असल्याने ड्रिलचा नुसता आवाज आणि कवटीत घुमणारी थरथर. मध्येच डॉक्टर थांबल्या आणि मदतनीस मुलीला म्हणाल्या, ‘बघ, छान रक्त आलं.’ मी खुर्चीत दचकलो. नव्या हाडातून रक्त येणं म्हणजे ते जिवंत असल्याची खूण, हे त्यांनी नंतर सांगितलं. फोटो काढला. त्यात माझं कुठलं आणि पाहुण्याचं कुठलं ते मला ओळखता आलं नाही. ‘काही दाणे अजून असतील तिथे,’ त्या म्हणाल्या. वरची दाढ आणखी तीन महिन्यांनी.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. सगळं नीट झालं म्हटल्यावर तिने विचारलं, ‘आणि त्या माणसाचा खुबा बरा झाला का रे?’

झाला असेल, असं मी म्हटलं. पाच महिन्यांत मला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता.