राखीव कोणासाठी?

वनखात्यातून निवृत्त झालेले एक स्नेही परवा म्हणाले, “भाऊ, ‘रिझर्व्ह’ काय अन् ‘प्रोटेक्टेड’ काय, जंगल वाचल्याशी मतलब.” चंद्रपूर-गडचिरोलीत उभी हयात काढलेल्या माणसाने असं म्हणावं, हे मला सलत राहिलं.

1927 च्या भारतीय वन कायद्यातला फरक इकडे गुराख्यालाही ठाऊक असतो. राखीव वनात परवानगी असेल तेवढंच चालतं. संरक्षित वनात मनाई असेल तेवढंच अडतं. माझं कुतूहल व्याकरणापाशी घुटमळतं. ‘राखीव’ला ‘साठी’ लागतं, ‘संरक्षित’ला ‘पासून’. एसटीत ‘महिलांसाठी राखीव’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. राखीव जंगलाच्या नावातून मात्र ते ‘साठी’च गळलेलं. अपवाद 2023 चा. अयोध्येतल्या राममंदिराच्या दारांसाठी इथलं सागवान निघालं, तेव्हा शोभायात्रा निघाली आणि लाकूड कोणासाठी, ते एकदाचं वाजतगाजत कळलं.

आणि संरक्षण कोणापासून? गुरांपासून, कुऱ्हाडीपासून, विस्तवापासून. म्हणजे लगतच्या गावापासूनच. तरीही मी ‘संरक्षित’च्या बाजूचा. त्यात निदान सुरुवात मोकळिकीने होते. 2006 च्या वनहक्क कायद्याने तर राखण्याचा हक्कच गावाला दिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि ज्याच्यापासून जंगल जपायचं तोच जपणारा ठरला.

इथेच थांबलो असतो, पण गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव आडवं आलं. सामूहिक हक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने तेंदूपान तोडणं बंद केलं. चांगल्या पानांसाठी झुडपं छाटतात, आगी लावतात, म्हणून. हातात येणारा पैसा सोडला, बांबूवर भिस्त ठेवली. शिवाय जंगलाचा एक तुकडा देवराईसारखा अजिबात न तोडण्यासाठी बाजूला काढला. याला ‘संरक्षित’ म्हणणं कोतं वाटतं. हे राखीवच, अगदी अस्सल राखीव: कोणी राखलं, कशासाठी राखलं आणि त्यापायी काय सोडलं, हे सगळ्या गावाला ठाऊक. माझं भांडण त्या शब्दाशी नव्हतंच तर. गाळलेल्या ‘साठी’शी होतं.

“उद्या ग्रामसभेने ठराव फिरवला तर?” स्नेह्यांनी विचारलंच. फिरवू शकते. त्यांच्या लाडक्या कायद्याचं 27 वं कलमही राज्य सरकारला राखीवपण काढून घेऊ देतं. 1980 पासून त्यासाठी दिल्लीची मंजुरी लागते, इतकंच. पाचगावात ती मंजुरी तेंदूच्या पैशावर पाणी सोडलेल्यांकडून घ्यावी लागेल, तीही समोरासमोर बसून.