झाकण नसलेल्या मेणबत्त्या

दिवाळीच्या महिनाभर आधी काही घरांत सोया मेणाची पाकिटं येतात आणि कपाटातल्या कानतुटक्या कपांना, सेटमधून एकट्या उरलेल्या काचेच्या पेल्यांना चांगले दिवस येतात. (तडा गेलेल्यांना नाही, ते ज्योतीच्या उष्णतेनं फुटतात.) मेण वितळवायचं, सुगंधी तेल ढवळायचं, वात मधोमध धरून ओतायचं. काही तासांत वरचा थर घट्ट होतो आणि मेणबत्ती तयार दिसते. ती तयार नसते. सोया मेणाला मुरायला आठवडा-दोन आठवडे लागतात. पॅराफिनचं थोड्या दिवसांत भागतं. म्हणजे वसुबारसेला पेटवायची तर कोजागिरीपर्यंत ओतून झालेली बरी. अडचण एवढीच, की कपाला झाकण नाही. इतके दिवस उघडं राहिलं तर वास उडून नाही का जायचा?

वाटतो तेवढा नाही जात. 100 ग्रॅम मेणात साधारण 6 ते 10 ग्रॅम तेल असतं आणि ते वर तरंगत नसतं, तळापर्यंत मेणात भिनलेलं असतं. घट्ट मेण त्याला सहजी सोडत नाही. पृष्ठभागाशी आहे तेवढंच हवेत जातं. त्यातही फरक आहे. संत्रं, लिंबू हे हलके वास आधी निघून जातात. चंदन आणि वाळा ठाण मांडून बसतात. आपल्याला पेल्यावर नाक नेलं की येतो तो वास वरच्या थराचा, आणि तो मंदावला की जीव खालीवर होतो. आतला साठा जागेवरच असतो.

दरम्यान आत काम चालू असतं. सोयाबीनच्या तेलापासून केलेलं हे मेण गार झालं तरी त्यातले स्फटिक पुढे कितीतरी दिवस आपली मांडणी बदलत राहतात, मेण हळूहळू कडक होत जातं. कधी त्यावर पांढुरकी नक्षी उमटते. तिला बुरशी समजून मेणबत्ती टाकून देणारे आहेत. ती स्फटिकांचीच खूण, निरुपद्रवी.

तेव्हा झाकणाचं खरं काम वास कोंडणं नव्हे, धूळ अडवणं. त्याला लोणच्याच्या बरणीला बांधतात तसा दादरा पुरतो, किंवा पुठ्ठ्याची चकती, पालथी बशी. कनौजचे अत्तरवालेही सुगंध नेहमी हवाबंदच करत आले असं नाही. तिथे ताजं अत्तर चामड्याच्या कुप्पीत भरून ठेवायची जुनी रीत आहे. उरलेलं पाणी चामड्यातून निघून जातं, अत्तर मागे राहतं. मेणात पाणी नसतं, त्यामुळे त्याला कुप्पीची गरज नाही. पण घट्ट बंद केल्याशिवाय सुगंध टिकत नाही हा आपला हट्ट त्या कुप्पीपुढे जरा सैल पडतो.

जपायचं ते उन्हापासून आणि उकाड्यापासून. ऑक्टोबरातला स्लॅबखालचा माळा ही सगळ्यात वाईट जागा. तिथे मेण मऊ पडून वर तेलाचे थेंब फुटतात. कपाटाचा खालचा, अंधारा कप्पा चांगला. फक्त शेजारी भाजणीचा डबा नको, नाहीतर चकलीला लॅव्हेंडरचा वास लागेल आणि घरातल्या ज्येष्ठांना तो आवडेलच असं नाही.

माझ्या मते उघड्या मेणबत्तीला सगळ्यात जास्त त्रास होतो तो करणाऱ्याच्या उतावळेपणाचा. रोज दादरा सोडून हुंगायचं, बोटानं वरचा थर दाबून बघायचा, ‘वास कमी झाला’ म्हणून पुढच्या खेपेला जास्त तेल ओतायचं. जास्त तेल मेणात मावत नाही, झिरपून बाहेर येतं. वात चोंदते, ज्योत धुरकट होते. आणि वास कमी झालेला नसतोच बहुधा. सतत एकाच वासात राहिलेलं नाक तो वास टिपणं सोडून देतं. ज्या घरात मेणबत्त्या ओतल्या त्या घरातलं कोणीच मग परीक्षक म्हणून उपयोगाचं नाही. फराळाचं ताट घेऊन आलेल्या शेजारच्या काकूंना विचारावं. त्या दारातच सांगतात, चंदन आहे की मोगरा, आणि जरा जास्तच झालंय हेही.

पहिल्यांदा पेटवाल तेव्हा मात्र वितळलेलं मेण पेल्याच्या कडेला टेकेपर्यंत विझवू नका, नाहीतर मध्येच विहीर पडते आणि कडेचं मेण तसंच राहून जातं. एवढ्या अवधीत वरचा तो थर, ज्याच्यासाठी झाकण शोधत बसलो होतो, वितळून खालच्या मेणात मिसळलेला असतो.