वळण आखणाऱ्याचे दायित्व

रस्त्याचे वळण आणि मुलाला लावलेले वळण, या दोन्हींस आपल्या भाषेत शब्द एकच आहे. ही केवळ शब्दांची काटकसर, की पूर्वजांनी त्यात काही अर्थ पाहिला होता, हा प्रश्न आम्हांस कन्हान येथे एका सायंकाळी पडला. आणि त्याला निमित्त झाले ते मोटारींच्या एका खेळाचे.

नागपूरहून कामठीवरून जबलपूरकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याने नदी ओलांडली की कन्हान गाव लागते. तेथे आमचे मेव्हणे राहतात. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या चिरंजीवास मोटार पळविण्याचा नाद लागला असून, "भाऊजी, तुम्ही एकदा स्वतः पाहा आणि मग त्याला चार शब्द सांगा," असा त्यांचा आग्रह होता. त्याप्रमाणे आम्ही त्यांच्यासह गावाबाहेरील एका पडीक मैदानावर गेलो.

या खेळास ऑटोक्रॉस म्हणतात. आपल्या देशात त्याच्या राष्ट्रीय स्पर्धाही होतात. परंतु येथे दहा-बारा हौशी तरुण आणि एक वृद्ध मोटार-मिस्त्री एवढाच मेळा होता. मिस्त्रींनी चुन्याची फक्की टाकून व रिकामे डबे मांडून एक नागमोडी मार्ग आखला होता. एका वेळी एकच गाडी सोडावयाची, घड्याळावर सेकंद मोजावयाचे, आणि डबा पडला की दंडादाखल दोन सेकंद वाढवावयाचे, हा नियम. शेवटी एक वळण इतके आवळ होते की गाडीने जवळजवळ आल्या दिशेकडेच तोंड फिरवावे.

एका सधन घरच्या तरुणाची नवी, बलाढ्य गाडी त्या वळणावर रेंगाळली, आणि एका जुनाट लहानशा मोटारीने तीस मागे टाकले. तो तरुण चिडून म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही मुद्दाम लहान गाडीच्या सोयीचा रस्ता आखला!" मिस्त्री हसले आणि म्हणाले, "सरळ रस्ता आखला असता, तर तो तुझ्या गाडीच्या सोयीचा झाला असता."

या उत्तरात आम्हांस मोठे तथ्य दिसते. वळणावर गाडीस तोलून धरते ते चाकांचे आणि भूमीचे घर्षण. दहा मीटर त्रिज्येच्या वळणातून कोरड्या मातीवर ताशी पंचवीस-तीस किलोमीटरहून अधिक वेगाने जाऊ म्हटल्यास चाके घसरू लागतात. वेग दुप्पट हवा असेल तर त्रिज्या चौपट लागते. हा हिशेब यंत्राची शक्ती विचारीत नाही, मालकाचे द्रव्यही विचारीत नाही. ब्रेक केव्हा लावला, बाहेरच्या कडेने येऊन आतल्या डब्याला चाटून पुन्हा बाहेर कसे निघाले, एवढेच तो पाहतो. उलट सरळ पट्टीवर यंत्राचे बळच बहुतांशी निकाल देते. आपल्या विदर्भातील शंकरपट सरळ धावेचा आहे, कारण तेथे बैलजोडीच्या वेगाची परीक्षा असते. तात्पर्य, सर्वांस सारखा सोयीचा असा मार्गच जगात नाही. जो मार्ग आखतो तो कोणता गुण श्रेष्ठ मानावा हे आधीच ठरवून मोकळा होतो, मग त्यास याची जाणीव असो वा नसो.

असे असेल तर न्यायाचा प्रश्नच उरत नाही, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. शर्यतीपूर्वी मिस्त्रींनी प्रत्येकास तो मार्ग पायी चालून पाहावयास लावला होता. हा या खेळाचा सर्वत्र पाळला जाणारा रिवाज आहे. म्हणजे जी अडचण समोर येणार, ती सर्वांस सारखी आणि सर्वांस आधी दाखविलेली. न्यायाच्या या दोन अटी तेथे पुऱ्या झाल्या होत्या. तिसरी अट आम्हांस थोड्याच वेळात कळावयाची होती.

मेव्हण्यांच्या चिरंजीवाची पाळी आली. शेवटच्या वळणावर त्याने ब्रेक उशिरा लावला. गाडीचे पुढचे चाक वळले, पण गाडी वळली नाही. ती सरळ घसरत, चुन्याची रेघ ओलांडून, गवतात शिरली आणि थांबली. आम्ही धावत गेलो. गाडीपुढे पाच-सहा हातांवर गवताने झाकलेली एक कठडा नसलेली जुनी विहीर होती.

मेव्हणे मटकन खाली बसले. मुलगा चुकला होता, यात शंका नाही. पण मिस्त्री त्यास एक शब्द बोलले नाहीत. ते विहिरीपाशी काही वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "पोराची चूक डब्याएवढी होती. विहीर ही माझी चूक आहे." तोवर झालेल्या सर्व वेळा त्यांनी रद्द केल्या, आणि वळण उचलून मैदानाच्या मध्यभागी नेले. त्या रद्द झालेल्या वेळांत जिंकत असलेली जुनी मोटार त्यांच्या स्वतःच्या मुलाची होती, हे आम्हांस मागाहून समजले.

चालविणारा स्वेच्छेने वेग घेतो, मग आखणाऱ्याकडे दोष कसा, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. फ्रान्समधील ल मां येथील प्रसिद्ध शर्यतमार्गावर सुमारे सहा किलोमीटरांचा एक सरळ पट्टा होता. १९८८ साली तेथे एका मोटारीने ताशी ४०५ किलोमीटरचा वेग गाठला. १९९० च्या शर्यतीपूर्वी त्या पट्ट्यात दोन ठिकाणी वळणे घालण्यात आली. वेग घेणारे सारथी होते हे खरे. पण तो वेग शक्य करणारी आणि आवरू शकणारी गोष्ट मार्गाची आखणी होती. जेथे चूक होणार हे मनुष्यस्वभावावरून ठाऊक आहे, तेथे चुकीचे मोल डब्याएवढे राहील की प्राणाएवढे होईल, हे आखणाऱ्याच्या हाती असते. आणि जे हाती असते त्याचे उत्तरही त्यालाच द्यावे लागते.

परतताना मेव्हणे म्हणाले, "आता याला बंदी करतो." आम्ही त्यांस म्हटले, मैदान बंद केल्याने नाद बंद होणार नाही, तो रात्री पुलाकडच्या रस्त्यावर जाईल. तेथली वळणे कोणी त्याच्या खेळासाठी आखलेली नाहीत, आणि त्याच्या चुकीचा दंड तेथे सायकलवरच्या दूधवाल्यास भरावा लागेल, ज्याने या शर्यतीत भाग घेण्यास कधी संमती दिली नव्हती. त्यापेक्षा पुढल्या रविवारी तुम्ही स्वतः मैदान आधी फिरून पाहा. मेव्हणे बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मी इतकी वर्षे त्याला नुसते वेगाबद्दल बोलत आलो. मैदान मी एकदाही पाहिले नव्हते."

हे वाक्य आम्हांस अद्याप सोडीत नाही. आपण सुशिक्षित गृहस्थ मुलांस वळण लावतो, म्हणजे त्यांच्यापुढे वळणेच आखतो: अमुक परीक्षा, अमुक धंदा, अमुक वयात अमुक यश. ती आवळ आहेत म्हणून आमची तक्रार नाही. आवळ वळणावाचून हात तयार होत नाही. परंतु तो मार्ग आपण मुलांबरोबर एकदा तरी पायी चाललो आहोत काय? आणि एखादे मूल तेथे घसरलेच, तर पलीकडच्या गवतात काय आहे, हे आपण पाहिले आहे काय? नापास झालेल्या मुलाच्या बातमीखाली त्याच्या दुबळेपणावर टीका करणे सोपे असते. त्या मिस्त्रींप्रमाणे विहिरीपाशी उभे राहून "ही माझी चूक" असे म्हणणे, आणि वळण उचलून दुसरीकडे नेणे, हे कठीण आहे. पण ज्याच्याने ते होत नाही, त्याने दुसऱ्यासाठी वळणे आखू नयेत, असे आमचे नम्र मत आहे.