अंग गरम असताना

“नाडी चालू, अंग गरम, आणि तुम्ही लोक म्हणता माणूस गेला?” मावशींनी सरळच विचारलं. त्या नागपूरच्या, निवृत्त शिक्षिका, विहारात नेमाने जाणाऱ्या. भाची आयसीयूत नर्स.

“छाती हलते ती व्हेंटिलेटरमुळे, मावशी. तो काढून बघतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड चढत जातो, तरी श्वास येत नाही. सहा तासांनी पुन्हा सगळ्या चाचण्या. १९९४ चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आहे तसा.”

“कायदा राहू दे. आत्मा मीही मानत नाही, बाबासाहेबांची लेक आहे. पण सुत्तात आयु, उस्मा म्हणजे ऊब, आणि विञ्ञाण म्हणजे जाणीव, ही तिन्ही देह सोडतात तेव्हा मरण म्हटलंय. इथं ऊब तर आहे!”

“मेंदू गेला की अंग गार पडायला लागतं. वॉर्मर मीच लावते.”

मावशी गप्प झाल्या. (मला विचाराल, तर सुत्ताकडे हा निकाल मागणंच चूक. श्वास चालू ठेवणारं यंत्र तेव्हा कुणाच्या कल्पनेतही नव्हतं.)

“गोठणगावला तिबेटी वसाहत आहे ना? त्यांच्या परंपरेत श्वास थांबल्यावरही तीन दिवस देहाला हात न लावणं उत्तम.”

“तीन दिवसांनी कुणाच्या उपयोगाचं काय उरणार? डोळेसुद्धा सहा तासांत काढायचे असतात. श्रीलंकेतले बौद्ध तर १९६० च्या दशकापासून परदेशात डोळे पाठवतात.”

“डोळे दान करणाऱ्या शिवि राजाचं नाव घेऊन. पण ती जातककथा नीट वाच. शिवक वैद्य एकदम डोळा काढत नाही. औषध लावतो, डोळा फिरतो, वेदना सुरू होतात. मग म्हणतो, महाराज, विचार करा, अजून बरा करता येईल. पुन्हा औषध, पुन्हा तोच प्रश्न. कळा सोसत राजा म्हणतो, चालू दे. दान आहे ते तिथं. तुझ्या पेशंटला कोण विचारतं?”

“नातेवाइकांना विचारतात.”

“मग दान नातेवाइकांचं. त्याची चेतना कुठाय त्यात?”

“म्हणून तर जिवंतपणी अवयवदानाचा हा फॉर्म भरायचा. सात नंबरचा.”

“भरला, की झालं?”

“नाही. तरी घरच्यांना विचारतातच. ते नको म्हणाले, तर सहसा पुढे जात नाहीत.”

मावशींना हसू आलं. “म्हणजे तुमचा शिवक येणार तुझ्या काकांकडे! ते रक्त तपासायला गेले तरी तोंड फिरवतात.” फॉर्म उलटसुलट पाहून त्यांनी चष्म्याखाली सरकवला. “आधी त्यांच्याशी बोलते. जेवण झाल्यावर. उपाशीपोटी ते कशालाच हो म्हणत नाहीत.”