सायलसचा न सुटलेला प्रश्न

जॉर्ज एलियटची ‘सायलस मार्नर’ (१८६१) ही कादंबरी श्रद्धा हरवून पुन्हा गवसल्याची गोष्ट म्हणून वाचली जाते. पण सायलसची जुनी श्रद्धा शेवटपर्यंत परत येत नाही. तिच्या जागी येते ते निराळेच आहे. मुळात ती गेली कशी? लँटर्न यार्डमधल्या छोट्या पंथात पैशांची चोरी होते. चाकू सायलसचा सापडतो. तो आपण शेवटचा जिवलग मित्र विल्यम डेनसाठी पट्टा कापायला काढला होता, हे आठवूनही सायलस गप्प राहतो, कारण देव आपल्याला निर्दोष ठरवील याची त्याला खात्री असते. कोर्टकचेरी या पंथाला वर्ज्य, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या जातात आणि कौल त्याच्याविरुद्ध जातो. ग्रंथ वाचून शंका घेणाऱ्यांपैकी हा विणकर नव्हे. मित्र, पंथ आणि देव त्याच्या लेखी वेगळे नव्हतेच. म्हणून तिन्ही एकदमच गेले.

पुढची पंधरा वर्षे रॅव्हलो गावात माग आणि सोन्याची नाणी. मग सोने चोरीला जाते आणि बर्फातून दुडदुडत आलेले, आई गमावलेले पोर, एपी, त्याच्या चुलीपाशी सापडते. हा लेखिकेने रचलेला सोयीचा योगायोग, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो निम्मा खरा आहे. योगायोगाने एपी उंबऱ्याच्या आत आली; तिला वाढवणे मात्र योगायोगाने होत नाही. त्यासाठी सायलसला शेजारीण डॉली विन्थ्रॉपकडून शिकावे लागले, शेजाऱ्यांकडे मागावे लागले. ज्या माणसांना पंधरा वर्षे टाळले, त्यांच्यावर रोज थोडे विसंबावे लागले. बदल घडला तो इथे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ही श्रद्धा नव्हे, नुसता शेजारधर्म. १८४२ साली चर्चला जायचे नाकारणाऱ्या आणि पुढे तत्त्वज्ञ फॉयरबाखचा अनुवाद करणाऱ्या लेखिकेने देवाच्या जागी माणूस बसवला, असे म्हणता येईल. पण कादंबरी तिच्या मतांपेक्षा मोकळी आहे. सायलस एपीचा बाप्तिस्मा करवून घेतो, चर्चला जातो, तेही त्यातले फारसे न उमजता. पटवून घेण्याआधीच तो सामील होतो. (आपल्याकडे बहुतेकांची श्रद्धा याच क्रमाने येते.)

लेखिकेचा खरा प्रामाणिकपणा त्यानंतर दिसतो. सायलस जाब विचारायला लँटर्न यार्डला परततो, तर तिथे कारखाना उभा असतो. चोरीचा खुलासा त्याला कधीच मिळत नाही, कौल खोटा का निघाला हेही नाही. एखाद्या दुबळ्या लेखकाने इथे विल्यम डेनला पश्चात्ताप करायला लावला असता.