जुन्या पेठेची साक्ष

छोट्या गावाच्या मुख्य रस्त्याचे जुने छायाचित्र पाहताना परक्या माणसालाही तो रस्ता आपलाच वाटू लागतो. न्हाव्याचे दुकान, वाणसामानाचे दुकान, बाकावर बसलेले चार म्हातारे. ‘तेव्हा माणसे एकमेकांना ओळखत असत,’ असे उद्गार सहज निघतात. परंतु गतकाळावर असे प्रेम करताना आपण सत्याशी प्रामाणिक राहतो काय?

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. तेथे महामंदीच्या काळात, १९३५ साली, दरिद्री शेतकऱ्यांच्या पुनर्वसनासाठी सरकारने एक खाते उघडले. त्याच्या छायाचित्र विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांनी रॉबर्ट लिंड या समाजशास्त्रज्ञाशी १९३६ मध्ये विचारविनिमय केला व छायाचित्रकारांना प्रश्नांची एक यादीच दिली. गावातली माणसे कुठे भेटतात? सुखवस्तू कुठे, गरीब कुठे? न पटलेल्या निगेटिव्हला स्ट्रायकर भोक पाडीत, हेही येथे नोंदवले पाहिजे. या संग्रहातील सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत.

त्यांतले एक चित्र मिसिसिपी राज्यातील बेल्झोनी गावचे आहे. १९३९ च्या ऑक्टोबरात मॅरियन पोस्ट वोल्कॉट यांनी ते टिपले. लख्ख ऊन पडले आहे. चित्रपटगृहाच्या भिंतीवर शीतपेयाची जाहिरात रंगवलेली आहे, आणि बाहेरच्या जिन्याने एक कृष्णवर्णीय माणूस एकटाच वर चढतो आहे. त्याची सावली भिंतीवर पडली आहे. हा जिना ‘रंगीत’ लोकांसाठी. त्याखालच्या दारावर पाटी आहे, ‘फक्त गोऱ्या पुरुषांसाठी’. पाट्या काढून टाकल्या, तर हे चित्रही आपण हळवे होऊन पाहिले असते.

त्या गावातही माणसे एकमेकांना ओळखत होतीच, आणि या ओळखीचाच पुढे शस्त्रासारखा उपयोग झाला. १९५४ साली मिसिसिपीतील इंडियनोला येथे गोऱ्या नागरिकांच्या परिषदा स्थापन झाल्या. मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांची उधारी बंद करणे, त्यांना कामावरून काढणे, हे त्यांचे मार्ग होते. यासाठी कोण कोणाचा देणेकरी, कोण कोणाच्या घरात भाड्याने राहतो, हे ठाऊक असावे लागते. अडचणीच्या महिन्यात वाण्याची चोपडी कुटुंबाला तारते, हे आपण सारे जाणतो. तीच चोपडी गळाही आवळू शकते.

जॉर्ज ली हे बेल्झोनीचे बॅप्टिस्ट धर्मोपदेशक. ते वाणसामानाचे दुकान चालवीत. मतदार म्हणून त्यांनी स्वतःचे नाव नोंदवले व इतरांनाही त्यासाठी उद्युक्त केले. ७ मे १९५५ च्या रात्री मोटारीतून जात असता त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. कोणालाही शिक्षा झाली नाही. त्याच गावचे दुसरे दुकानदार गस कोर्ट्स यांच्यावर नोव्हेंबरात त्यांच्या दुकानातच गोळीबार झाला. ते वाचले आणि गाव सोडून शिकागोला गेले.

म्हणून कोणी म्हणेल, तो सारा जिव्हाळा खोटाच होता. मला हे मान्य नाही. बाकावरच्या म्हाताऱ्यांचा स्नेह खराच होता, आणि कोणा विधवेला दुकानदाराने उधारीवर दिलेले पीठही खरेच होते. शिवाय ली आणि कोर्ट्स हेही त्याच पेठेचे दुकानदार! पेठेविषयी ज्यांना हळहळायचे आहे, त्यांनी या दोन दुकानांसाठीही हळहळावे. हळवेपणाचा दोष प्रेम करण्यात नाही, तो निवड करण्यात आहे. स्ट्रायकर यांचे भोक पाडण्याचे यंत्र आपल्या स्मृतीतही चालूच असते.

आपल्याकडेही गिऱ्हाइकाला ओट्याखाली उभे करून त्याच्या पदरात वरून माल टाकणारी दुकाने होती. धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेत आपण जुन्या बाजाराचे चित्र हौसेने छापतो. त्याखाली पेढीच्या मालकाचे नाव असते. पायरीशी टोपली घेऊन बसलेल्या बाईचे सहसा नसते. घरोघरच्या वृद्धांना विचारले, तर ते अजूनही कळू शकेल. बेल्झोनीच्या चित्राच्या मथळ्यात गाव आहे, राज्य आहे, प्रवेशद्वार कोणासाठी होते तेही आहे. जिना चढणाऱ्या माणसाचे नाव तेवढे लिहिलेले नाही.