गळलेले आणि सोललेले

अमेरिकेच्या मेन राज्यात मोन्हीगन नावाचे छोटे बेट आहे. तिथल्या कॅथीड्रल वुड्स या रानात लहानथोर काटक्या, वाळकी साल, शंख-शिंपले रचून परीसाठी म्हणून वीतभर उंचीची घरे बांधतात. १९५४ साली स्थापन झालेली मोन्हीगन असोसिएट्स ही संस्था ते रान जपते. संकेत एवढाच की, जिवंत झाडाला किंवा शेवाळाला हात लावायचा नाही.

हे वाचून कोकणातल्या आमच्या उर्दू शाळेत, कार्यानुभवाच्या तासाला, मी सहावीच्या मुलांकडून अशी घरे करून घेतली. सर्वांत देखणे घर भेंडीच्या ओल्या सालीने शाकारलेले होते. मी दहापैकी दहा गुण दिले.

दुसऱ्या दिवशी कुंपणाजवळची कोवळी भेंडी पाहिली. बुंध्याची साल चारी बाजूंनी सोललेली. पानांनी केलेले अन्न आतल्या सालीतूनच मुळांपर्यंत पोचते. ती वाटच तुटली होती. मी मुलाला रागावलो. तो म्हणाला, "सर, घर सुंदर हवं, एवढंच तुम्ही सांगितलं होतं."

खरेच, मी घरांबद्दल बोललो होतो, संकेताबद्दल नाही. सुंदर वस्तूला दाद देताना ती कोणाच्या अंगावरून ओरबाडली, हे विचारायला नको का? गळलेलेसुद्धा वाया जात नाही. कुजून मातीला मिळते. म्हणून तेही ओंजळभरच घ्यावे.

मुलाचे गुण मी कापले नाहीत. नापास झालो होतो तो मी.